तात्पुरता आवाज

आमच्या समोरच्या फ्लॅटमधून एका दुपारी माणसाची हाडं मोडल्याचा आवाज आला. मी चहा पीत होतो. आमच्या हिने, म्हणजे विजयमालाने, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "साईनाथने आज शेवग्याच्या शेंगा आणलेल्या दिसतात." मग आम्ही उरलेला चहा संपवला.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणी नवीन भाडेकरू आला की सेक्रेटरी त्याला दोन गोष्टी बजावून सांगतात. पाणी फक्त सकाळी येतं, आणि दुसऱ्या मजल्यावरून किंकाळी ऐकू आली तर पोलिसांना फोन करायचा नाही.

साईनाथ खुटवड हा आमचा समोरचा शेजारी. वय पस्तिशीचं, अंगाने किरकोळ, बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. उद्योग सिनेमांना आवाज पुरवण्याचा, त्यातही भुताखेतांच्या. घरातली मागची खोली त्याने चहूबाजूंनी गोधड्या टांगून बंद केली होती आणि तिला तो स्टुडिओ म्हणायचा. आत एक कॉम्प्युटर, दोन माईक आणि भंगारवाल्यानेही नाकारावं असं सामान: गंजकं कुलूप, फुटकी बादली, करवंट्या, एक जुनी कोल्हापुरी चप्पल. पडद्यावर भूत चालतं तेव्हा साईनाथ फरशीवर ओलं फडकं आपटत असतो. सुरा माणसाच्या पोटात जाताना दिसतो तेव्हा तो कलिंगडात जात असतो, आणि ते कलिंगड मग जिन्यातल्या सगळ्यांना वाटलं जातं. समोर खून झाला की आम्हाला फळ मिळतं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं.

मी टेलिफोन खात्यात उभी हयात घालवलेला माणूस. आवाज इकडून तिकडे जसाच्या तसा पोचवायचा, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हे आमचं काम. त्यामुळे समोरचा प्रकार मला पोरखेळ वाटायचा, आणि मला जे वाटतं ते मी पोटात ठेवत नाही. एकदा मी त्याला तोंडावर म्हणालो, "तू लोकांना तिकीट काढायला लावून घाबरवतोस. आम्ही विजेचं बिल बघून फुकट घाबरतो."

तो चिडला नाही. त्याने मला स्टुडिओत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर एक सीन लावला. एक बाई स्वयंपाकघरात तांदूळ धुते आहे, एवढंच. नळ वाहतोय, बाहेर कावळा, शेजारी कुकरची शिट्टी, खाली कुणाची तरी स्कूटर. कंटाळवाणं, पण बरं वाटणारं. मग साईनाथने एकेक आवाज काढून घ्यायला सुरुवात केली. आधी स्कूटर गेली, मग कावळा, मग कुकर. राहता राहिला नळ, तोही बंद केला. बाई तांदूळ धूतच होती. मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"काका, मी यात काही घातलं नाही हं," तो म्हणाला. "घर म्हटलं की आजूबाजूला माणसं असल्याचे आवाज असतात. ते काढून घेतले की झालं. व्हायोलिन, ढोल, किंकाळ्या हे सगळं नंतर. आणि डोळे मिटून घेता येतात, कान कुणाला मिटता येतात?"

हे शेवटचं वाक्य तो येईल त्याला ऐकवायचा, म्हणून मी फार भाव दिला नाही. पण घरी आल्या आल्या मी रेडिओ लावला, हे विजयमालाने बरोबर टिपलं.

त्याचा एक नेम मात्र मला आवडायचा. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी विचारायचं, आणि सिनेमा पुरा झाला की शेवटच्या पाट्यांमध्ये 'विशेष आभार' म्हणून त्याचं नाव टाकायचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं नाव असं लागलं आहे, खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याचंही. आमच्या लोखंडी कॉटची किरकिर एका तळघराच्या दाराला लागली तेव्हा माझं नाव आलं. ते बघायला मी आख्खा सिनेमा सोसला, आणि नेमकं नाव आलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो. हिने पाहिलं.

साईनाथचे वडील महिपतराव सिटी बसचे कंडक्टर होते. पुण्यातला कंडक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं असेल ते पुसून टाका. महिपतराव "जरा पुढे सरकता का, त्रास देतोय" असं म्हणायचे, आणि साहजिकच लोक सरकायचे नाहीत. कॉलेजची पोरं त्यांना पास म्हणून लायब्ररीचं कार्ड दाखवायची आणि हे "असू दे" म्हणून पुढे जायचे. कुणाकडे सुटे नसले तर चूक आपलीच असल्यासारखा चेहरा करायचे. घरीही तोच मामला. आवाज होता तो त्यांच्या बायकोचा, कौशल्यावहिनींचा. त्या भोरकडच्या, इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांनी बोली जशीच्या तशी राखली होती, आणि ती खालच्या पार्किंगपर्यंत ऐकू यायची. त्या बोलायच्या, महिपतराव ऐकायचे, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

निवृत्तीनंतर महिपतरावांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. झोपेत त्यांचा श्वास ओढत ओढत वर चढायचा, वर जाऊन थांबायचा, आता पुन्हा चालू होतो की नाही असं वाटायला लावायचा आणि मग एकदम खाली यायचा. डॉक्टर म्हणाले, झोपेतला आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तो ऐकून औषध बदलून बघू. साईनाथच्या बायकोने, निशाने, मोबाईलवर रेकॉर्ड केला, पण त्यात मशीनच्या घरघरीपलीकडे काही कळेना. तेव्हा साईनाथने मशीन लांब नळी लावून पलीकडच्या खोलीत ठेवलं आणि दुपारी वडील झोपल्यावर स्टुडिओतला चांगला माईक त्यांच्या उशाशी लावला. डॉक्टरांना ते ऐकून पुष्कळ कळलं. उपयोग फारसा झाला नाही. त्या वर्षीची दिवाळी महिपतरावांनी पाहिली नाही.

रेकॉर्डिंग साईनाथच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलं.

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं असताना पियुष नावाचा एक डायरेक्टर त्याच्याकडे आला. पोरगा कोवळा, दाढी मोठी, तिन्ही त्रिकाळ डोक्यावर टोपी. त्याच्या सिनेमात एका बंगल्याच्या माळ्यावर कुणीतरी निजलेलं असतं. ते शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता त्याचा श्वास ऐकू येतो. सगळा सिनेमा त्या श्वासावर उभा. साईनाथने जंग जंग पछाडलं. सायकलचा पंप मारून पाहिला, लोहाराचा भाता मिळवला, स्वतः माईकपुढे धापा टाकल्या. माझं घोरणंसुद्धा रीतसर परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं आणि नापास केलं. म्हणाला, "काका, तुमचं घोरणं फार सुखी आहे." विजयमाला आठवडाभर हसत होती.

या धंद्यात एक पद्धत आहे. हवा तो आवाज सापडेपर्यंत त्या जागी कुठला तरी तात्पुरता आवाज ठेवून द्यायचा, म्हणजे डायरेक्टरला सीनचा अंदाज येतो. पुढे तो काढून खरा आवाज घालायचा. पियुष बघायला येणार होता आणि माळ्यावरची जागा अजून रिकामी होती. साईनाथने वडिलांचं रेकॉर्डिंग काढलं, थोडं साफ केलं, किंचित जड केलं आणि ठेवून दिलं. एका दिवसापुरतं.

पियुषने ते ऐकलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. "ब्रो, हेच. लॉक कर. याला आता हात लावायचा नाही. काटा बघ माझ्या अंगावर."

साईनाथ म्हणाला, हे टेम्पररी आहे, मी दुसरं बनवतोय. आणि त्याने बनवलंही, पुन्हा पुन्हा बनवलं. पियुष दर वेळी म्हणायचा, "मस्त आहे, पण ते पहिलं जास्त रिअल वाटतं." तो कुणाचा श्वास आहे हे त्याने विचारलं नाही आणि साईनाथने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पियुषने तो काढला असता असं मला वाटतं, पोरगा मनाचा वाईट नव्हता. पण साईनाथची जीभ उचलली नाही. का उचलली नाही ते त्याने मला नंतर सांगितलं. त्यालाही तो काढायचा नव्हता. काम फार चांगलं झालं होतं.

सिनेमा लागला आणि चालला. पेपरात कथेला नावं ठेवली, नायिकेला नावं ठेवली, पण माळ्यावरच्या श्वासाचं कौतुक केलं. कॉलेजची पोरंपोरी त्या श्वासाच्या नकला करून एकमेकांना पाठवायला लागली. आता साईनाथ पेढे वाटणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्याऐवजी तो वाळत चालला. आणि आईशी एकदम फार चांगलं वागायला लागला, हे लक्षण काही मला बरं दिसेना. तिच्या गुडघ्याला पट्टा आणला, सणवार नसताना साडी आणली, आळंदीला नेऊ का म्हणून तीनतीनदा विचारलं. वहिनी विजयमालाला म्हणाल्या, "ह्याला कायतरी झालंय. ल्हानपणी बरणी फोडली की असाच माझं पाय चेपाय यायचा."

तेवढ्यात निशाच्या ऑफिसमधल्या एका मुलीने सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांचा फोटो काढून तिला पाठवला. 'विशेष आभार'च्या खाली पहिलंच नाव होतं: कै. महिपती खुटवड. निशाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने वडिलांची आठवण ठेवली म्हणून तिला भरून आलं आणि तिने तो फोटो सासूला दाखवला. वहिनी तो मोबाईल घेऊन तशाच आमच्याकडे आल्या. हात पिठाचे होते, त्यामुळे मोबाईल कोपराने सावरलेला.

"बघा भाऊजी, ह्यांचं नाव. जन्मभर पाटी लावलेल्या बसमधी फिरलं, पण ह्यांचं नाव कुठल्या पाटीवर आलं नाही. आता थेटरात आलंय. मी बघाय जाणार. तुम्ही दोघं चला माझ्यासंगं."

त्याच दिवशी संध्याकाळी साईनाथ माझ्याकडे आला. गॅलरीत उभा राहून, कठड्याचा रंग नखाने उकरत, त्याने मला सगळं सांगितलं. मी वर जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मला त्या संध्याकाळी कळलं.

"मग नाव तरी कशाला टाकलंस?" मी विचारलं.

"आवाज घेतला की नाव द्यायचं, काका. विचारायचं तर राहूनच गेलं होतं. निदान तेवढं तरी."

मला संताप आला. "गाढवा, बापाला श्वास पुरत नव्हता, तो आवाज तू भुताला दिलास आणि वर त्याचे आभार मानलेस?"

त्याने मान हलवली. आपल्याला कुणीतरी हे म्हणावं याचीच तो वाट बघत असावा. "मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेन, काका. पुढे, मागे, पुढे, मागे. पहिल्या दिवशी मला त्यात बाबा ऐकू येत होते. मग नुसता आवाज ऐकू यायला लागला. कुठे वाढवायचा, कुठे थांबवायचा एवढंच. पहिल्या खेळाला थिएटरात लोक किंचाळले तेव्हा मला परत बाबा ऐकू आले."

"आईला सांगून टाक."

"नाही सांगता येत." मान वर न करताच तो म्हणाला, "तुम्ही तिला जाऊ देऊ नका. बीपी आहे म्हणा, भीतीचा सिनेमा आहे म्हणा, काहीही म्हणा. तिने तो ऐकला तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

त्याच्यावर माझा राग होता, पण वहिनींनी ते थिएटरात ऐकू नये हे मलाही पटत होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी समोर गेलो. म्हणालो, "वहिनी, सिनेमा फार भयंकर आहे म्हणतात."

"दरड कोसळली तवा मी घाटात एष्टीत बसलेली बाई हाय, भाऊजी. सिनेमाला भिऊ व्हय?"

"नाव अगदी शेवटी येतं. आपण शेवटच्या पाच मिनिटांना जाऊ."

"आख्खं तिकीट काढून शेवटाला जाऊ?"

यावर वाद संपला. पुण्यात तो इथेच संपतो.

आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. निशाला ऑफिस होतं. वहिनींनी साईनाथने आणलेली नवी साडी नेसली होती आणि "तुझा सिनेमा, तूच दाखीव" म्हणून त्याला बरोबर घेतलं होतं. रांगेत मी, मग विजयमाला, मग वहिनी, आणि त्यांच्या पलीकडे साईनाथ. मला वाटत होतं, अजूनही हा काहीतरी निमित्त काढून तिला बाहेर नेईल, निदान दिवे जायच्या आधी कानात सांगेल. दिवे गेले.

हॉल कॉलेजच्या पोरांनी भरला होता. वहिनींना सुरुवातीला मजा वाटत होती. "ही बाई दिवा का लावीना?" असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतून "शू" आलं. पडद्यावरची बाई माळ्याच्या जिन्याशी पोचली. साईनाथने आपलं काम चोख केलं होतं. रातकिडे गेले, लांबचं कुत्रं गेलं, घड्याळाची टिकटिक गेली. माझ्या खुर्चीच्या लोखंडात कुठूनतरी एक घुमारा यायला लागला, कानाला न कळणारा आणि पोटाला कळणारा. विजयमालाने माझं मनगट धरलं.

आणि मग श्वास आला. चारी भिंतींवरच्या स्पीकरमधून महिपतराव श्वास घेत होते.

माझ्या मागे दोन मुली किंचाळल्या. कुणीतरी शिवी हासडली. मी पडद्याकडे बघायचं सोडून वहिनींकडे पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या. गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण मान उंच करतो, तशी त्यांनी मान उंच केली होती. श्वास ओढत ओढत चढत गेला, वर पोचला आणि थांबला. पडद्यावर बाईचा हात दाराच्या कडीवर थांबला. आख्ख्या हॉलमध्ये कुणी चुळबूळ करेना. साईनाथ डोळे गच्च मिटून बसला होता, पण त्याचा त्याला काय उपयोग.

त्या शांततेत कौशल्यावहिनी, घरात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, कुशीवर वळा बघू."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी हसलं, आणि बघता बघता हॉलभर हशा पसरला. पडद्यावर श्वास परत चालू झाला, पण आता कुणी दाद देईना. एक पोरगा ओरडला, "काका, वळा ना!" त्यावर परत हशा. मला उठून त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली. वहिनींपर्यंत यातलं काही पोचलं असं दिसलं नाही. त्या पुढे झुकून ऐकत होत्या. श्वास यायचा तेव्हा ऐकायच्या, नसायचा तेव्हा पदराने डोळे पुसायच्या. साईनाथ दबक्या आवाजात म्हणाला, "आई, चल, आपण जाऊ." त्या म्हणाल्या, "गप बस. नाव यायचंय."

नाव आलं. त्यांनी हात जोडले. साईनाथ खाली बघत होता.

बाहेर आल्यावर विजयमालाने त्यांना लिफ्टजवळच्या बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं आणि मग मुलाकडे पाहिलं.

"ते ह्यांचं हाय."

"हो."

"डॉक्टरसाठी केलं हुतं, ते."

"हो. आई, मी..."

"लोकं भ्याली त्यांना," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नवल वाटून. "सारा जन्म गेला, त्यांना कुणी भ्यालं नाही. बिनतिकिटाचं माणूससुद्धा भ्यालं नाही."

साईनाथ त्यांच्यासमोर उभा राहून रडायला लागला. इतका आवाजातला माणूस, पण रडताना त्याचा आवाज होत नव्हता. येणारेजाणारे बघत होते. मला वाटलं, त्या आता त्याच्या थोबाडीत देतील, नाहीतर पोटाशी धरतील. दोन्ही झालं नाही. वहिनी कसला तरी विचार करत होत्या.

"त्यात मी बोलले हुते," त्या म्हणाल्या. "श्वास थांबला की मी बोलायचे, मग ते वळायचे आणि चालू व्हायचा. त्या दिवशी बी बोलले, तुझा माईक लावलेला असतानाच. ते कुठं गेलं?"

साईनाथने बाहीने डोळे पुसले. "काढलं."

"का?"

"तिथे शांतता पाहिजे होती."

"मला काढून त्यांना एकटंच निजवलंस व्हय?"

आम्ही रिक्षाने परत आलो. जिन्यात वहिनी नेहमीप्रमाणे कठडा धरून पुढे गेल्या. साईनाथने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पियुषला सगळं सांगितलं. पियुष तसाच गाडी मारत आला, टोपी काढून वहिनींच्या पाया पडला. थिएटरातला सिनेमा आता बदलता येणार नव्हता, पण काही दिवसांनी तो मोबाईलवर बघायला मिळणार होता आणि त्याआधी आवाजात फेरफार करता येत होता. साईनाथ आईला म्हणाला, "बाबांचा श्वास मी त्यातून काढून टाकतो."

"त्यांना कशाला काढतोस?" वहिनी म्हणाल्या. "मला घाल."

मग साईनाथ पुन्हा गोधड्यांच्या खोलीत शिरला. मूळ रेकॉर्डिंगमधून त्याने आईचा आवाज परत आणला आणि जिथून कापला होता तिथे बसवला. झाल्यावर मला ऐकायला बोलावलं. पडद्यावर तोच माळा, तोच अंधार, तीच बाई जिन्याशी. श्वास चढला, थांबला, आणि जराशी वैतागलेली, जराशी झोपाळलेली एक बाई म्हणाली, "अहो, कुशीवर वळा बघू." बांगड्या वाजल्या, गादी करकरली, श्वास चालू झाला. कुणीतरी आजारी आहे आणि कुणीतरी जवळ बसलं आहे, एवढंच कळत होतं. मला भीती वाटली नाही. मला महिपतरावांची आठवण आली आणि मी तिथून उठलो.

पियुषनेही ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हे मी स्वतः पाहिलं. डोळे पुसून तो म्हणाला, "सुंदर आहे, ब्रो. पण सीन मेला. मी हे नाही ठेवू शकत." त्याचंही चूक होतं असं मला म्हणवत नाही. त्याने भीतीचा सिनेमा काढला होता.

शेवटी साईनाथने आईवडील दोघांनाही काढलं आणि तिथे सायकलचा पंप लावला.

त्यानंतर मी एकदा चावी द्यायला समोर गेलो तेव्हा वहिनी हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होत्या. साईनाथ दारात चप्पल घालत होता. वहिनींनी मान वर न करता विचारलं, "घातलंस का मला?"

हे त्या बरेच दिवस विचारत होत्या आणि तो "बघतोय" म्हणून वेळ मारून नेत होता. त्या दिवशीही त्याला तसं म्हणता आलं असतं. त्याने चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर येऊन बसला.

"नाही घातलं, आई. बाबांनाही काढलं. पंप आहे तिथे."

"का रं?"

"तू बोललीस की तिथे कुणाला भीतीच वाटत नाही."

वहिनींनी हातातली काडी मोडली, पानं परातीत टाकली. "त्यांनाबी वाटायची नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलायचे मी."

साईनाथने विचारलं, "बाबांना भीती वाटायची?"

"श्वास अडकला की डोळं उघडून बघायचं न्हवं का. त्या दिवशी तुझ्याकडंच बघत हुतं." त्यांनी पुढची जुडी सोडायला घेतली. "तू माईककडं बघत हुतास."